घड्याळांचा पाळणा

कुठल्याही घरात चार वर्षं स्वयंपाक केला की दोन गोष्टी साठतात. रिकामे डबे आणि किस्से. डबे घरमालक आठवणीनं परत मागतो. किस्से कुणी मागत नाही. ते आपल्याच डोक्यात पडून राहतात, आणि भाकरी थापताना आपण एकट्याच हसायला लागलो की आमचे मालक, म्हणजे नवरा, विचारतात, "डोकं फिरलं का काय तुजं?"

माझं तसंच व्हायला लागलं, म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेय, अक्षर बरं आहे, कुणाला भीत नाही. एवढं पुरतं.

पुण्याजवळ, नेऱ्याच्या पुढं, आमच्या भातखाचरांना लागूनच देवधर साहेबांचा बंगला आहे. साहेब रिटायर इंजिनियर. बायको वारलेली, मुलगी परदेशात. नाद एकच, हातातली घड्याळं. बॅटरीची नाही हं! बॅटरीचं घड्याळ म्हटलं की साहेबांचं तोंड दुधात माशी दिसल्यासारखं होतं. सगळी स्प्रिंगची, परदेशातली, एकेकात तीन-तीनशे बारीक तुकडे. किंमत मी एकदाच विचारली. नंतर आठवडाभर त्या खोलीत फडकं न्यायला हात धजेना.

महिन्याच्या पहिल्या रविवारी साहेबांसारखेच आणखी तीन नादिष्ट बंगल्यावर जमतात. एक विराज, जांब्याला फ्लॅट घेतलाय, कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. दुसऱ्या पुण्याच्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. तिसरे आमच्याच भावकीतले बाळूभावजी. रस्त्याकडेची जमीन गेली, हातात घड्याळ आलं. चौघं टेबलावर मखमल अंथरतात, घड्याळं काढून ठेवतात आणि भिंगातून बघत बसतात. मी मटण करते. मटण झालं की त्यांना भिंगाशिवाय दिसायला लागतं.

* * *

कामाला लागले त्याच आठवड्यातली गोष्ट. साहेबांच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. आत दहा खण, आणि प्रत्येक खणात एकेक घड्याळ हळूहळू गोल फिरतंय!

"साहेब, ह्ये काय?"

"वाइंडर. ही घड्याळं हातात घातली ना कमलबाई, की हात हलतो, आणि त्या हलण्यावर त्यांची चावी आपोआप बसते. हलवलं नाही तर दोन दिवसांत बंद पडतात. मला हात दोनच. म्हणून बाकीच्यांना हे यंत्र हलवतं."

घड्याळाला पाळण्यात घालणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

शनिवारी साहेब पुण्याला गेले. घरात माणूस नाही आणि पाळणा आपला फिरतोय. आमच्याकडं घरात लेकरू नसताना पाळणा हलवत नाहीत, वाईट असतं. वर लाइट जळत होती ती वेगळीच. मी बटण बंद केलं आणि पुण्य केल्यासारखी घरी गेले.

साहेब मंगळवारी आले. कपाटातली सगळी घड्याळं बंद, आणि प्रत्येकात वेगळीच वेळ! दोन दिवस भिंग डोळ्याला लावून, हातात दात कोरायची काडी घेऊन वार आणि तारखा लावत बसले. तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना.

"साहेब, रागावलात का?"

"नाही. फक्त एक विचारतो. घरात कुणी नव्हतं, मग फ्रिज कसा नाही बंद केलात?"

"फ्रिजमदी माजं आंबोळीचं पीठ हुतं!"

* * *

पहिल्याच रविवारी मी दारात जाऊन विचारलं, "किती वाजलं? भाकरी टाकू का?"

टेबलावर अठरा घड्याळं. मी मोजली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारा चाळीस." बाळूभावजी म्हणाले, "माज्यात बारा सत्तेचाळीस." विराज म्हणाला, "काकू, माझं आज सेट केलेलं नाहीये." साहेब म्हणाले, "थांबा, भारतातली वेळ या छोट्या काट्यावर आहे. मोठा काटा मुलीकडचा आहे."

शेवटी विराजनं हळूच खिशातला मोबाईल काढला.

"बारा बावन्न, काकू."

मी म्हटलं, "व्हय, माजा मोबाईल पन त्येच सांगतुया. मी उगं तुमाला इचारलं!"

* * *

बाळूभावजींनी एक घड्याळ घेतलं, त्याच्या तोंडाला मधोमध भोक! भोकात एक बारीक पिंजरा, आणि तो गरगर फिरतोय. भावजींनी आधी गावभर दाखवलं, मग बंगल्यावर आणलं, मग स्वयंपाकघरात.

"वैनी, ह्याला टूरबियाँ म्हनत्यात."

"आन ते फिरतंय कशापायी?"

"आवं, पृथ्वी खाली वढती का न्हाई सगळ्यास्नी? ते वढनं ह्याला लागू होत न्हाई. लई डोकं लावलंय. गुरुत्वाकर्षनाला हरवतंय ह्ये!"

मी भाकरी उलटली.

"मंग भावजी, परवा बांधावरनं गाडीसकट भातात पडलात, तवा ह्ये हातात नव्हतं का?"

हातातच होतं. चिखल काढायला दीड महिना लागला.

* * *

विराजची सगळी घड्याळं निळ्या तोंडाची. मला वाटलं पोराला रंगाची आवड. एकदा वाढताना विचारलं तर इकडंतिकडं बघून म्हणाला, "काकू, बायकोला वाटतं माझ्याकडे एकच आहे."

एका रविवारी बायकोला घेऊन आला. बाई गोड. विराजच्या हाताकडं बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "याचं हे घड्याळ किती टिकलंय ना! सात वर्षं झाली, एक ओरखडा नाही."

"स्विस आहे," विराज म्हणाला.

मी गप्प राहिले. मला ते जमत नाही, पण राहिले. जेवण झाल्यावर ती ताटं घेऊन आत आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"काकू, सहा आहेत. मला माहितीये."

"मंग बोलली का न्हाईस गं?"

"माझ्या पण सहा पैठण्या आहेत. सगळ्या मरून रंगाच्या."

* * *

डॉक्टरीणबाईंकडं एक वाजणारं घड्याळ आहे. बाजूची खिटी ओढली की ते वेळ वाजवून दाखवतं. तासाचे जाड ठोके, मिनिटांचे बारीक, आणि पाव तासाला दोन्ही मिळून. पूर्वी दिवे नव्हते तेव्हा अंधारात वेळ कळायला केलं म्हणे. आता डॉक्टरीणबाईंच्या घरी दिवे आहेत, तरी घेतलं.

ते ऐकायचं म्हणजे देवळात असावं तसे सगळे गप्प. पंखा बंद. बाळूभावजींनी खोकला दाबून धरलेला. बाईंनी खिटी ओढली, आणि माझ्या कुकरनं शिट्टी दिली!

"कमलताई, गॅस बंद करा हो!"

केला बंद. दारात उभी राहून मीही ऐकलं. माझा बाप मेंढरं राखायचा. कळपातल्या कुठल्या जनावराच्या गळ्यातली घंटी आहे हे तो डोंगरापलीकडून सांगायचा. घंटीच्या आतला लोळा सैल झाला तर आवाज कसा बोबडा होतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. म्हणून म्हटलं, "जाड आवाजाची बरी हाय. बारीक आवाजाची घंटी सैल हाय."

डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "कमलताई, ही स्वित्झर्लंडच्या माणसानं कानानं जुळवलेली आहे."

"आसंल. पन मंग सैल झाली."

साहेब हसू लपवायला मांजर बघतोय असं दाखवत खिडकीकडं वळले. मांजर नाहीच आमच्याकडं.

महिन्यानं बाई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. कारागिरानं उघडून बघितलं होतं. बारीक घंटीचा स्क्रू सैल! तो घट्ट करून आणला होता. घड्याळ माझ्या कानाशी धरून म्हणाल्या, "आता ऐका बरं, नीट झालंय का?"

मी तोंड उघडलं. "आदी माजी ही डावीकडची दाढ बगा. मंग मी तुमचं ऐकते."

* * *

आता साहेबांच्या हातातलं घड्याळ. ते त्यांना त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी दिलेलं, रिटायर झाले तेव्हा. त्याला वार कळतो, तारीख कळते, महिना तीसचा का एकतीसचा ते कळतं. फेब्रुवारीत एकोणतीस कधी येते तेही कळतं. आणि खाली एका खिडकीत बारीक सोन्याचा चंद्र आहे, तो वाढतो आणि कमी होतो.

एकदा चौघं त्यावर वाकलेले. साहेब म्हणाले, "बघा, आज पौर्णिमा. कसा भरलाय!"

मी पाण्याचा तांब्या ठेवत होते. "पुनव उद्या हाय."

"कमलबाई, हे यंत्र आहे. चुकत नाही."

"मला उद्या वडाला फेऱ्या मारायच्यात आन उपास धरायचाय. आमच्या मालकांसाटी सात जन्म मागायचेत, तारीख चुकून कसं चालंल? तुमचा चांद एक दिवस म्होरं पळतोय!"

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं. पौर्णिमा उद्या. बाळूभावजी टेबल बडवून हसायला लागले. विराज म्हणाला, "सर, तीन वर्षांत एक दिवस पुढे जातोच तो. बाजूच्या पिनला काडी लावा, एका मिनिटाचं काम."

साहेबांनी घड्याळावर हात ठेवला.

"नको. सुमननं लावलाय तो चंद्र. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. तेव्हापासून हे एकदाही बंद पडलेलं नाही. चुकीचा असला तरी तिच्या हातचा आहे."

त्या दिवशी भाकऱ्या माझ्याकडून जरा जास्तच झाल्या.

* * *

गेल्या आषाढात साहेबांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. मोठं होतं. जायच्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ काढलं, पाळण्यातलं एक घड्याळ बाजूला काढून तो खण याला दिला, आणि मला बोलावलं. मला एवढं जपून कुणी पोरही सोपवलेलं नाही.

"कमलबाई, बाकीची सगळी बंद पडली तरी चालेल. हे बंद पडू देऊ नका. बंद पडलं तर तारखा, चंद्र, सगळं नव्यानं लावावं लागेल. म्हणजे तिनं लावलेलं पुसलं जाईल. चावीला हात लावू नका, चुकीच्या वेळी फिरवली तर आतली चाकं मोडतात. पाणी लागू देऊ नका. फक्त हलत राहू दे."

"जावा तुमी. हलतं ठेवते."

साहेबांना जाऊन चार दिवस झाले आणि आमची लाइटीची डीपी जळाली! अख्खं गाव बिनलाइटीचं. बंगल्याच्या बॅटरीनं दुपारपर्यंत दम काढला, मग पाळणा थांबला. टॉवरही बंद, फोन कुणाला लागेना. वायरमन म्हणाला, पाच दिवस तरी विसरा. घड्याळ टिकणार दोन दिवस.

पहिल्या दिवशी मी स्वतःच्या हातात बांधलं. पण भातलावणीचे दिवस! सकाळपासून दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. साहेबांनी पाणी लावू नका सांगितलेलं. बाळूभावजींना द्यावं, तर संध्याकाळपर्यंत पौडपर्यंत दाखवून आले असते. मालकांच्या हातात बांधलं. दुपारी येऊन बघते तर मालक ओट्यावर बसलेले, सकाळी ठेवला होता तसा हात मांडीवर. तंबाखू मळायला तेवढा उजवा हात हलत होता, आणि घड्याळ डाव्या हातात!

आता घरात हलतं असं काय आहे?

मंत्री होता.

मंत्री म्हणजे आमचा बोकड. काळाभोर, कान तेवढे पांढरे. खातो सगळं, ऐकत कुणाचंच नाही, एका जागी टिकत नाही, म्हणून ते नाव. मी जुन्या घोंगडीच्या तुकड्याची पिशवी शिवली, आत कापूस घातला, घड्याळ प्लास्टिकात गुंडाळून त्यात शिवलं, आणि पिशवी त्याच्या गळ्यात चामड्याच्या पट्ट्याला दोन गाठी मारून बांधली. संध्याकाळी कानाला लावलं. टिकटिक चालू! मंत्री गोठ्यात उड्या मारतोय आणि साहेबांचा चंद्र आपला फिरतोय. मला वाटलं, आपण इंजिनियर व्हायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लावणीवरून आले. मंत्री जागेवर नाही.

"मंत्री कुटं हाय?"

मालक म्हणाले, "जांब्याचं गिऱ्हाईक आलं हुतं. पोराचं जावळ हाय त्याच्या. तूच म्हनत हुतीस ना, बोकड काढायचाय म्हनून? दिला."

"आन गळ्यातली पिशवी?"

"ती बी दिली. आता कोन सोडत बसतंय दोन गाठी!"

माझ्या तोंडून काय निघालं ते इथं लिहीत नाही. मग पिशवीत काय आहे ते सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्या दिवशी मी ह्यांना पहिल्यांदा पळताना बघितलं! गाडी काढली, मी मागं बसले, हाताला चिखल तसाच. गिऱ्हाइकाचा टेम्पो नेऱ्याच्या चौकात चहाला थांबला होता म्हणून सापडला. मंत्री मागं उभा राहून टेम्पोची ताडपत्री खात होता. पिशवी गळ्यात.

मी त्या माणसाला म्हटलं, "दादा, ती गळ्यातली पिशवी तेवडी द्या. राह्यली चुकून."

"काय हाय तिच्यात?"

आता खरं सांगितलं असतं तर? बोकडाबरोबर साहेबांची सुमनताईही जांब्याला गेली असती. म्हटलं, "ताईत हाय."

त्यानं पिशवीला हात लावून नमस्कार केला! "मंग ऱ्हाऊ द्या की, मावशी. पोराचं जावळ हाय, शुभ हाय. आमी पोराच्याच गळ्यात बांधू."

आली का पंचाईत! मी एक दम घेतला.

"बांद बाबा. पन कशाचा ताईत हाय ते तरी इचार. त्याला पंदरा दिसापूर्वी पिसाळलेलं कुत्रं चावलंय, म्हनून बांदलाय!"

माणूस दोन पावलं मागं गेला. मंत्र्यानं त्याच वेळी ताडपत्रीचा फेस तोंडाबाहेर काढला. शहाणं जनावर! दोर माझ्या हातात आला, त्याचे पैसे मालकांनी त्याच्या खिशात कोंबले. मी पिशवी कानाला लावली.

टिकटिक चालू होती.

पुढचे दोन दिवस मंत्री माझ्या कमरेला बांधून मी भात लावलं. लोक हसले. हसू देत.

साहेब तीन आठवड्यांनी घरी आले. निम्मे झालेले, छातीवर हात धरून चालत होते. खुर्चीत बसले, पाणीही मागितलं नाही.

"चालू आहे?"

मी घड्याळ त्यांच्या कानाला लावलं. डोळे मिटून किती वेळ ऐकत होते कोण जाणे. मग चष्मा लावून वार बघितला, तारीख बघितली, चंद्र बघितला. चंद्र तसाच, पळपुटा. हातात बांधायला घेतलं आणि नाक मुरडलं.

"कमलबाई, याला वास कसला येतोय?"

"दवाखान्याचा आसंल. तुमच्या नाकात बसलाय."

साहेबांनी पट्ट्याच्या बकलात अडकलेला एक काळा केस चिमटीनं काढला. उजेडात धरला. माझ्याकडं बघितलं. मी कांदा चिरायला घेतला.

नंतरच्या पहिल्या रविवारी सगळे जमले. विराजकडं एक यंत्र आहे, घड्याळाची टिकटिक ऐकून ते पुढं पळतंय का मागं राहतंय हे सांगतं. त्यानं साहेबांचं घड्याळ त्यावर ठेवलं आणि उडालाच.

"सर! दिवसाला एक सेकंदाचा पण फरक नाही! हे इतकं परफेक्ट कधीच नव्हतं. वाइंडर बदललात का?"

"तात्पुरता," साहेब म्हणाले.

"कुठला? जर्मन?"

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. कंपाउंडच्या भिंतीवर चारी पाय गोळा करून मंत्री त्यांची जास्वंद ओरबाडत होता.

"लोकल आहे. लाइट लागत नाही. पाल्यावर चालतो."

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. विराज मोबाईलवर शोधायला लागला. बाळूभावजींना दम निघेना. ते थेट माझ्याकडं वळले.

"वैनी, तुमाला ठावं आसंल ना दुकान? मला बी एक सांगा की. काळ्या रंगात मिळंल का?"

"मिळंल की भावजी," मी म्हटलं. "पन कान पांडरं येत्यात."